फिल्म की डिजिटल? नागपुरात कृष्णधवल फोटो काढणाऱ्यांसाठी

कॉटन मार्केटात भाजीवाल्यापुढे हिरव्या मिरच्यांचा ढीग असतो आणि त्याला लागूनच पिकून लालभडक झालेल्या मिरच्यांचा दुसरा. डोळ्याला दोन्ही रंग अगदी विरुद्ध टोकांचे वाटतात. आता फोटो काढा आणि मोबाइलमध्ये त्याचा रंग शून्यावर आणा. दोन्ही ढीग एकाच राखाडी छटेचे होतात आणि लाल कुठला, हिरवा कुठला हे सांगता येत नाही. रंग वेगळे असले तरी त्यांचा उजळपणा जवळपास सारखाच असतो, आणि रंग काढून घेतला की फोटोत फक्त तो उजळपणा उरतो.

कृष्णधवल फोटोग्राफीची खरी गोम इथेच आहे. समोरच्या प्रत्येक रंगाला राखाडीची एखादी छटा द्यायची असते, आणि ती कोणती हे कुणीतरी ठरवावं लागतं. अंबाझरीला किंवा फुटाळ्यावर कॅमेरा घेऊन हिंडणारी नवी मुलं मला विचारतात, फिल्म घेऊ की डिजिटल? त्यांच्या मनात बहुतेक वेळा ‘फिल्मचा लूक’ असतो. मी त्यांना उलट विचारतो, लाल मिरची कोणत्या छटेची दिसावी हे तुम्हाला बटण दाबायच्या आधी ठरवायचं आहे की घरी येऊन? आधी ठरवायचं असेल तर फिल्म, नंतर ठरवायचं असेल तर डिजिटल. दोन्हींमधले बाकीचे बरेच फरक यातूनच येतात. जे उरतात ते ऊन आणि पाणी यांच्याशी जोडलेले आहेत, आणि आपल्या गावात ऊन आणि पाणी या छोट्या गोष्टी नाहीत.

चांदी आणि चष्मे

फिल्म म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात पसरलेले चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक. स्फटिकावर प्रकाश पडला की त्यात चांदीचे मोजके अणू सुटे होतात. डोळ्याला काहीच दिसत नाही, पण चित्र तिथे पडलेलं असतं. डेव्हलपर हे रसायन प्रकाश लागलेल्या स्फटिकांची काळी चांदी करतं. फिक्सर हे दुसरं रसायन प्रकाश न लागलेले स्फटिक विरघळवून काढून टाकतं. जुने फोटोग्राफर त्याला अजूनही हायपोच म्हणतात. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना हायपोचा हा गुण १८१९ साली सापडला होता, आणि आजचे फिक्सरही त्याच कुळातले आहेत. जिथे प्रकाश जास्त तिथे चांदी जास्त, म्हणून फिल्मवर चित्र उलटं येतं. तीच निगेटिव्ह.

सुरुवातीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. घरातल्या फार जुन्या फोटोंत पणजीचं कुंकू काळंभोर आणि ओठ गडद दिसतात ते यामुळे. आजच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसतात, तरी निळ्याकडे तिचा ओढा आपल्या डोळ्यापेक्षा जास्तच असतो. त्यामुळे निळं आकाश फोटोत पांढुरकं होतं आणि ढग त्यात हरवतात. हे सावरायला लेन्सपुढे रंगीत काच लावतात, तिला फिल्टर म्हणतात. नियम एकच: फिल्टर आपल्या रंगाला उजळ करतो आणि विरुद्ध रंगाला गडद. लाल फिल्टर लावून त्याच मिरच्यांचा फोटो घेतला तर लाल मिरची जवळजवळ पांढरी होईल आणि हिरवी काळपट. हिरवा फिल्टर लावला तर बरोबर उलट. फिल्टर प्रकाशही खातो. पिवळा साधारण १ स्टॉप खातो, गडद लाल ३ स्टॉप. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, त्यामुळे लाल फिल्टरला आठपट प्रकाश द्यावा लागतो.

दीक्षाभूमीचा स्तूप घ्या. ऑक्टोबरात पाऊस संपून आकाश धुतल्यासारखं निळं होतं आणि पांढरा घुमट त्यापुढे उभा असतो. फिल्टरशिवाय घेतलात तर आकाशही उजळ, घुमटही उजळ, आणि घुमटाची कड विरघळते. नारिंगी फिल्टर लावला की आकाश खाली उतरतं आणि घुमट उठून दिसतो. आता दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत तिथेच जा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली त्या जागेवर लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत येतात आणि हाताहातांत निळे झेंडे असतात. इथे लाल फिल्टर लावला तर आकाश गडद होतं आणि झेंडाही तितकाच गडद होतो, कारण दोघंही निळे. झेंडा आकाशात बुडून जातो. त्या दिवशी त्या जागेवर झेंडा दिसला नाही, तर तो फोटो कितीही नाट्यमय असला तरी खोटा आहे असं मी म्हणेन. अशा वेळी हलका पिवळा फिल्टर लावा, आणि फिल्टरवर भिस्त न ठेवता झेंड्यामागे आकाशाऐवजी पांढऱ्या कपड्यांची गर्दी येईल अशी जागा पकडा.

फिल्म अशी आधी विचार करायला लावते. शटर पडलं की निळ्याची छटा चांदीत पक्की झाली, घरी येऊन ती बदलता येत नाही. कागदावर छापताना उजेड-अंधार, कॉन्ट्रास्ट कमीजास्त करता येतो, पण निळा आणि लाल एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. काहींना हे बंधन वाटतं. मला ही फिल्मची सगळ्यात मोठी शिकवण वाटते, कारण महिनाभर फिल्मवर काम केलेला माणूस रस्त्यावर चालताना रंगांच्या जागी छटा पाहू लागतो.

एक गोष्ट आपल्या गावापुरती. एप्रिल-मेमध्ये आकाश निळं नसतंच, धुळीनं पांढुरकं झालेलं असतं. त्या आकाशावर लाल फिल्टरचा फारसा परिणाम होत नाही, कारण गडद करायला निळा रंगच शिल्लक नसतो. उन्हाळ्यात आकाश फ्रेमबाहेर ठेवलेलंच बरं.

डिजिटलमधला रंग

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरलाही मुळात रंग कळत नाही. प्रत्येक पिक्सेल फक्त किती प्रकाश आला तेवढं मोजतो. रंग कळावा म्हणून पिक्सेलांवर बारीक रंगीत काचांची जाळी बसवतात. दर चार पिक्सेलांत दोन हिरव्या काचा, एक लाल आणि एक निळी. ही रचना कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ सालचं. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि बाकीचे दोन कॅमेरा शेजाऱ्यांवरून हिशेबानं काढतो.

म्हणजे डिजिटल कृष्णधवल फोटोचा रस्ता लांबचा आहे. आधी रंग गोळा करायचे, मग ते राखाडीत उतरवायचे. पण त्यामुळेच एक मोठी सोय मिळते. फाइलमध्ये रंगाची माहिती शिल्लक असल्यामुळे लाल किती उजळ, पिवळा किती, निळा किती हे संपादन करताना वेगवेगळ्या पट्ट्या सरकवून ठरवता येतं. एकाच फोटोवर सगळे फिल्टर, हवे तेवढे, हवे तेव्हा.

याचा खरा उपयोग कळायला मारबतीसारखा दिवस नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गर्दीत काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा गलका होतो, बडगे नावाचे पुतळे येतात, रेटारेटी असते. श्रावण संपता संपता आकाश बहुतेक ढगाळ आणि पांढरं. पिवळा रंग कृष्णधवलमध्ये मुळातच उजळ दिसतो, त्यामुळे पिवळी मारबत त्या पांढऱ्या आकाशावर फिकी पडते. फिल्मवर तिला गडद करायची तर निळा फिल्टर हवा, जो फारसं कुणी जवळ बाळगत नाही, आणि त्या रेट्यात फिल्टर बदलायला हात मोकळे मिळायचे नाहीत. डिजिटलमध्ये घरी येऊन पिवळ्याची पट्टी थोडी खाली ओढली की काम झालं. चेहरा, डोळे, साडीच्या घड्या सगळं उठून येतं. मारबतीला जायचं असेल तर मी बेलाशक डिजिटल न्या म्हणतो.

मात्र यासाठी फोटो रॉ फाइलमध्ये घ्यावा लागतो. रॉ म्हणजे शिधा, जेपेग म्हणजे शिजवलेलं अन्न. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. बऱ्याच चांगल्या कॅमेऱ्यांच्या १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. रंगीत फोटोत पायऱ्यांची कमतरता रंगांच्या गर्दीत लपून जाते. कृष्णधवलमध्ये तलावावरच्या धुक्यासारखा हळूहळू बदलणारा भाग असेल तर पायऱ्या उघड्या पडतात आणि आकाशात पट्टे उठतात. कॅमेऱ्यात एकाच वेळी रॉ आणि मोनोक्रोम अशी मांडणी करून ठेवा. मागच्या पडद्यावर कृष्णधवल चित्र दिसेल, रॉमध्ये रंग शाबूत राहतील. मिररलेस कॅमेऱ्यात तर डोळा लावतानाच जग कृष्णधवल दिसतं, आणि शिकणाऱ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त रंग शून्य करून थांबू नका. मिरच्यांचं काय झालं ते वर सांगितलंच आहे. आणि पट्ट्या टोकापर्यंतही ओढू नका. निळा फार खाली नेला की आकाशात डाग-डाग येतात आणि इमारतींच्या कडांना उजळ रेघ दिसू लागते.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आपल्याकडच्या सावळ्या, तांबूस त्वचेचा रंग लाल आणि नारिंगीच्या पट्टीत येतो. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी प्रीसेटमध्ये, म्हणजे संपादनाच्या तयार मांडण्यांमध्ये, या पट्ट्या वर ढकललेल्या असतात, कारण त्यानं चेहरा ‘स्वच्छ’ दिसतो. परिणाम असा की उन्हात राबून काळवंडलेला संत्राबागेतला मजूर फोटोत गोरा होऊन येतो. फिल्मवर लाल फिल्टर लावून माणसाचा फोटो घेतला तरी हेच होतं, वर ओठही पुसट होतात. माणसांसाठी लाल फिल्टर नकोच. नारिंगीची पट्टी शून्याच्या आसपास किंवा किंचित खाली ठेवा, फिल्मवर पिवळा-हिरवा फिल्टर वापरा. त्वचेचा पोत, सुरकुत्या, घामाची चमक गडद छटेतच दिसते. सावळा माणूस सावळा दिसू द्या.

रंगाची जाळी काढून टाकलेले निव्वळ कृष्णधवल सेन्सरही मिळतात. लायकानं २०१२ साली असा कॅमेरा काढला, पेंटॅक्सनं २०२३ साली. काचा नसल्यामुळे प्रकाश जास्त पोचतो, बारकावे जास्त मिळतात, आणि रंगाची माहिती नसल्यामुळे फिल्मसारखंच फिल्टर लावून आधी ठरवावं लागतं. किमती मात्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहेत.

आपलं ऊन

मे महिन्यात दुपारी महालातल्या एखाद्या अरुंद गल्लीत उभे राहा. अर्धी गल्ली डोळे दिपवणाऱ्या उन्हात, अर्धी वाड्याच्या सावलीत. दोन्हींमधला फरक इतका असतो की कुठलाही कॅमेरा गोंधळतो. पण फिल्म आणि सेन्सर वेगवेगळ्या बाजूला गोंधळतात, आणि तेवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ फोटो वाचतात.

सेन्सरचा पिक्सेल प्रकाशानं भरला की भरला. त्यापुढे निव्वळ पांढरं, त्यातून काहीही परत काढता येत नाही. उलट अंधारातून मात्र बरंच वर उचलता येतं. म्हणून डिजिटलवर उन्हाची बाजू सांभाळा. कॅमेऱ्यातला उजळ भाग लुकलुकवणारा इशारा चालू ठेवा, आणि गरज पडली तर एक स्टॉप कमी प्रकाश द्या. निगेटिव्ह फिल्मचं याच्या नेमकं उलट. तिला प्रकाश दोन स्टॉप जास्त झाला तरी ती सहन करते, कारण वरच्या टोकाला चांदी वाढण्याचा वेग मंदावत जातो. पण सावलीला प्रकाश कमी पडला तर तिथे चांदीच जमत नाही, नुसतं कोरं प्लास्टिक राहतं. फिल्मवर सावलीचं मोजमाप घ्या. कडक उन्हाच्या दिवसांत बरेच अनुभवी लोक ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) फिल्म २०० समजून वापरतात आणि डेव्हलपिंगचा वेळ थोडा घटवतात. सावली भरते आणि ऊनही हाताबाहेर जात नाही.

आणखी एक अडचण. स्वच्छ उन्हात ४०० आयएसओला एफ/१६ इतकं बारीक अ‍ॅपर्चर (लेन्समधलं छिद्र) आणि १/५०० सेकंद लागतात. जुन्या कॅमेऱ्यांचं शटर बहुधा १/५०० किंवा १/१००० लाच थांबतं, म्हणजे अ‍ॅपर्चर उघडून मागचं धूसर करायची सोयच उरत नाही. एकदा रोल घातला की ३६ फोटो होईपर्यंत आयएसओ तोच. उन्हाळ्यात १०० किंवा १२५ ची फिल्म घाला. डिजिटलवाल्यांना याची चिंताच नाही.

रोल धुण्याचं पाणी

फिल्मबद्दलचे बहुतेक लेख थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेले असतात. त्यात लिहिलेलं असतं, डेव्हलपर २० अंशांना ठेवा. नागपुरात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. पारा ४५ च्या वर गेलेला असतो. २० अंश आणायचे कुठून?

गरम डेव्हलपर वेगानं काम करतो. इलफर्डच्या एचपी५ प्लस फिल्मला आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. २४ अंशांना हाच वेळ पाच-साडेपाचवर येतो. पाच मिनिटांच्या खाली गेलं की रसायन फिल्मभर सारखं पसरायच्या आतच काम उरकतं आणि आकाशात ढगासारखे डाग येतात. याहून गरम पाण्यात जिलेटिन फुगून मऊ पडतं, नखानं खरवडलं जाईल इतकं. आणि एका रसायनातून दुसऱ्यात जाताना तापमान एकदम बदललं तर त्या थराला जाळीसारख्या सुरकुत्या पडू शकतात. यात बहुतेकांचं चुकतं ते शेवटी. डेव्हलपर बर्फानं थंड करतात आणि मग रोल सरळ नळाखाली धरतात.

उपाय घरातलाच आहे. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे माठातलं पाणी हवेपेक्षा पुष्कळ थंड असतं. आदल्या रात्री माठ भरून ठेवा. सकाळी एका घमेल्यात पाणी घ्या, त्यात डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी अशा सगळ्या बाटल्या एकत्र उभ्या करा आणि घमेल्यात बर्फाचे खडे टाकत राहा. बर्फ बाटलीत पडता कामा नये, बाहेरच. थर्मामीटर डेव्हलपरच्या बाटलीत बुडवून बघत राहा. २४ अंशांवर सगळ्या बाटल्या आल्या की सुरू करा. २० चा हट्ट नको, सगळं एका तापमानाला असणं जास्त महत्त्वाचं. डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी मिसळून तो निम्मा पातळ करा. आयडी-११ असा पातळ केला की २० अंशांना १३ मिनिटं लागतात आणि २४ ला नऊच्या आसपास. डाग पडायची भीती गेली. धुवायला नळ चालू ठेवायची गरज नाही. रोल ज्या बंद टँकमध्ये धुतला त्यातच पाणी भरा, ५ वेळा उलटीपालटी करून ओता. पुन्हा भरा, १० वेळा. पुन्हा भरा, २० वेळा. ही इलफर्डनं सांगितलेली पद्धत आहे आणि तिला माठातलं दोन लिटर पाणी पुरतं. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग निगेटिव्हवर राहतात, म्हणून शेवटचं बुचकळणं डिस्टिल्ड पाण्यात करा. रोल कूलरच्या वाऱ्यात वाळत घालू नका, धूळ ओल्या जिलेटिनला चिकटते ती निघत नाही. न्हाणीघर ओलं करून, दार लावून तिथेच टांगा.

पावसाळ्यात हवा दमट झाली की माठही पाणी गार करेनासा होतो, पण तेव्हा नळाचं पाणीही उन्हाळ्याइतकं तापत नाही. डिसेंबर-जानेवारीत तर पाणी आपोआप २० अंशांच्या जवळपास येतं. फिल्म शिकायची असेल तर नागपुरात हिवाळ्यातच सुरू करा. न वापरलेले रोल फ्रिजमध्ये ठेवा, वापरण्याआधी दोन-तीन तास बाहेर काढून बंद डबीतच राहू द्या म्हणजे फिल्मवर दव धरणार नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत रोल कधीही सोडू नका, उष्णतेनं फिल्म धुरकट होते.

दाणा, छपाई, पैसा

फिल्मचा दाणा आणि डिजिटलचा नॉइज (फोटोतले नको असलेले ठिपके) यांवर लोक फार वाद घालतात. दाणा म्हणजे चांदीचे वेडेवाकडे पुंजके, मधल्या राखाडीत जास्त दिसतात. नॉइज अंधाऱ्या भागात जास्त दिसतो. मोबाइलच्या पडद्यावर दोन्हींतला फरक कळतही नाही, म्हणून मी यावर निवड करू नका म्हणतो.

छपाई मात्र वेगळी गोष्ट. निगेटिव्ह एनलार्जरमध्ये (चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रात) घालून, लाल दिव्याच्या उजेडात, चांदीच्या कागदावर काढलेला प्रिंट समोर धरला की काळ्याची खोली कळते. हे तुम्हाला खरंच करायचं असेल तर फिल्मला पर्याय नाही. पण फिल्मवर फोटो काढून, दुसऱ्या गावच्या लॅबला कुरिअरनं पाठवून, तिथून आलेला स्कॅन मोबाइलवर टाकायचा एवढाच बेत असेल, तर शेवटी हातात डिजिटल फाइलच येते, तीही दुसऱ्यानं ठरवलेल्या छटांची. तेवढ्यासाठी इतका खर्च करू नये असं माझं मत आहे. स्वतः रोल धुणं किंवा स्वतः प्रिंट काढणं, दोन्हींपैकी एक तरी करणार असाल तरच फिल्म घ्या. डिजिटलवाल्यांनी प्रिंट काढताना एवढंच पाहावं की साधी लॅब कृष्णधवल फोटो रंगीत कागदावरच छापते, आणि तो कधी हिरवट, कधी जांभळट येतो. राखाडी शाया असलेला इंकजेट आणि सुती कागद मागा.

एकेकाळी फिल्म आपल्या देशातच बनायची. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला होता, त्याचा माल ‘इंदू’ या नावानं विकला जाई. तो बंद पडला. आता बाजारात येणारे रोल बाहेरून येतात, त्यामुळे भाव परकीय चलनाबरोबर हलतो. रोल, रसायनं, निगेटिव्ह ठेवायच्या पिशव्या, स्कॅन या सगळ्याची बेरीज करून ३६ नं भागा, म्हणजे एका क्लिकचा खरा दर कळेल. हा हिशेब एकदा कागदावर केल्याशिवाय फिल्म कॅमेरा घेऊ नका, विशेषतः विद्यार्थ्यांनी. डिजिटलमध्ये पैसा सुरुवातीलाच जातो, पण नंतर हजार फोटो चुकले तरी खर्च वाढत नाही, आणि शिकताना चुकायला मिळणं फार मोलाचं असतं. बाजारात एखादी मावशी म्हणते, ‘फोटो काढून राहिले का भाऊ? दाखवा ना मग.’ तेव्हा मागचा पडदा तिच्यापुढे धरता येतो. फिल्मवाल्यानं मात्र पुढच्या आठवड्यात प्रिंट घेऊन यायचं वचन द्यावं आणि ते पाळावं.

ब्राझीलचे फोटोग्राफर सेबास्तियाव सालगादो यांनी अनेक वर्षं कृष्णधवल फिल्मवर काम केलं आणि २००८ च्या सुमारास ते डिजिटलवर गेले. विमानतळांवरच्या एक्स-रे तपासण्यांत रोल खराब होण्याची कटकट हे त्याचं मोठं कारण होतं. पण निवड करायची पद्धत त्यांनी बदलली नाही. फोटो पडद्यावर न पाहता ते छापील कॉन्टॅक्ट शीटवरच (सगळे फोटो छोट्या आकारात एकत्र छापलेल्या कागदावर) पाहत, आणि प्रिंटसाठी डिजिटल फाइलवरून निगेटिव्ह बनवून घेत. साधन बदलून सवय टिकवता येते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

नव्यानं सुरू करणाऱ्याला माझा सल्ला ठाम आहे. हातात जो डिजिटल कॅमेरा किंवा रॉ फाइल देणारा मोबाइल असेल त्यावर मोनोक्रोम लावून एक पावसाळा काढा. हिवाळा आला आणि तरीही रसायनांचा, कागदाचा मोह सुटत नसेल, तर एक जुना कॅमेरा, एकच फिल्म आणि एकच डेव्हलपर घ्या आणि वर्षभर बदलू नका. घरात काकांचा किंवा आजोबांचा कॅमेरा असेल तर आधी तो तपासा. मागचं झाकण उघडून कडेचा काळा स्पंज बोटानं दाबा. आपल्या उष्णतेत तो वितळून डांबरासारखा चिकट होतो आणि तिथून प्रकाश आत शिरतो. स्पंज बदलणं स्वस्त आणि सोपं काम आहे. लेन्समधून दिव्याकडे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती पावसाळ्यात धरलेली बुरशी, ती साफ करायला जाणकार लागतो. शटर १ सेकंदावर आणि १/६० वर लावून कानानं ऐका, फरक स्पष्ट कळला पाहिजे.

वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका. त्यात निगेटिव्हवरून निघालेली चांदी विरघळलेली असते, ती पाण्यातल्या जिवांना घातक आहे, आणि आपली सांडपाण्याची वाट बहुतेक नागनदीकडेच जाते. प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा, वर ‘वापरलेला फिक्सर’ असं ठळक लिहा, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. एक्स-रे फिल्मच्या काळापासून फिक्सरमधून चांदी काढणारे व्यावसायिक आहेत. कॅन भरला की अशा माणसाकडे द्या.